पूर्वकथेचा व्यवहार

ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ ही चित्रकथा १९८६-८७ साली बारा अंकांत प्रसिद्ध झाली. छपाई थांबल्यावर हक्क उभयतांकडे परत जावेत, असा करार होता. मागणी अशी की छपाई थांबलीच नाही! २०१२ साली मूर यांचा विरोध असूनही डीसी कॉमिक्सने ‘बिफोर वॉचमेन’ या पूर्वकथा काढल्या. कागदोपत्री व्यवहार चोख. अदत्तादान-विरमण व्रत मानणाऱ्या घराला मात्र तो खटकावा. तथापि डार्विन कुक यांचा ‘मिनिटमेन’ हा सहा अंकांचा भाग वाचनीय आहे. निवृत्त हॉलिस मेसन आत्मचरित्र लिहितो, आणि सहकाऱ्यांचे सत्य छापावे की झाकावे, हा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. मूळ कथा आधी वाचलेली हवी. मुलांवरील अत्याचारांचे प्रसंग असल्याने हा संग्रह किशोरांच्या हाती देऊ नये.