जड बाणाची बदनामी

१/ ‘बाण जितका हलका तितका वेगवान, आणि जितका वेगवान तितका मारक’ हे विधान समाजमाध्यमांवर छातीठोकपणे केले जाते. प्राचीन भारतीय धनुर्धरांना अडाणी ठरवण्यासाठीही तेच पुढे केले जाते. इतिहास आणि भौतिकशास्त्र, दोन्ही कसोट्यांवर ते खोटे ठरते.

२/ या मताचा आद्य पुरस्कर्ता रोमन इतिहासकार कर्टियस. बाणाचे बळ हलकेपणात असते, भारतीयांचे बाण स्वतःच्याच भाराने निष्प्रभ होतात, असा त्याचा निवाडा. तो अलेक्झांडरच्या स्वारीनंतर तीन शतकांहून अधिक काळाने लिहीत होता.

३/ त्या स्वारीत प्रत्यक्ष असलेल्या निआर्कसच्या आधारे एरियन नेमके उलटे सांगतो. पुरुषभर उंचीचे धनुष्य जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून ओढलेल्या त्या लांब बाणापुढे ढाल टिकत नसे, चिलखतही टिकत नसे.

४/ आता गणित. धनुष्यात साठलेली ऊर्जा बाण आणि धनुष्याचे हलते बाहू यांत वाटली जाते. बाण हलका असेल, तर बाहूंचा वाटा वाढतो. उदाहरणार्थ, एखादे धनुष्य २५ ग्रॅमचा बाण सेकंदाला ६० मीटर वेगाने सोडत असेल, तर बाणाची गतिज ऊर्जा ४५ जूल होते. त्याच धनुष्यातून ५० ग्रॅमचा बाण ४७ मीटर वेगाने सुटला, तर ती ५५ जूल होते. वेग घटला, ऊर्जा वाढली!

५/ तरीही केवळ जूल मोजणे ही अर्धवट विद्या. बाण गोळीसारखा आघाताने मारत नाही. तो कापत खोल जातो. कातडे, मांस, बरगडी यांतून पुढे सरकत राहण्यासाठी संवेग लागतो. वरच्या उदाहरणात तो १.५ वरून २.३५ होतो, म्हणजे दीडपटीहून अधिक.

६/ हे आपल्या पूर्वजांना आकड्यांविना ठाऊक होते. चौदाव्या शतकातील ‘शार्ङ्गधरपद्धती’ कामाप्रमाणे बाण निवडते: पुढे जाड तो दूर पल्ल्याचा, मागे जाड तो दृढ भेदाचा, सर्वत्र समान तो लक्ष्यवेधाचा. संपूर्ण लोखंडी नाराच तर निराळाच.

७/ जड बाणाचा पल्ला कमी, हा आक्षेप खरा. त्याचे उत्तर होते जवळ जाण्याची कला. जळकोटच्या दक्षिणेस असलेल्या कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त (शके १०५१, इ. स. ११२९) मृगयेचे सविस्तर प्रकरण आहे. पाणवठ्यावर दबा धरणे, माणसाळलेल्या हरणाच्या आडून जवळ जाणे, हे त्यातले मार्ग.

८/ आज जळकोट परिसरात रोही आणि रानडुकरे पिके उद्ध्वस्त करतात. शेतकऱ्याचा संताप रास्तच आहे. परंतु चित्रफिती पाहून धनुष्य मागवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लेखी परवानगीविना शिकार हा गुन्हा आहे. आणि वेगाच्या भक्ताचा हलका बाण बरगडीत अडकला, तर त्या अज्ञानाची किंमत जनावर दिवसेंदिवस तडफडून मोजते.

९/ कर्टियसला धनुष्य ओढायचे नव्हते, म्हणून त्याची चूक खपून गेली. ती आपण पुन्हा पुन्हा का गिरवावी?

(धागा समाप्त)