गिरणा ते तापी, तीन दिवसांत

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, दोघांच्या सायकल शर्यतीत नऊ दिवसांच्या आत पार केली. पराक्रम थोरच, पण अशा शर्यतीत एक सायकलवर असताना दुसऱ्याने विश्रांती घ्यायची, म्हणजे सोबत असून सोबत नाही. आमचा आग्रह उलट्या सहलीचा आहे. चाळीसगावहून निघावं, मेहुणबाऱ्याला गिरणा, धुळ्याला पांझरा आणि शिरपूरच्या अलीकडे तापी ओलांडावी. सराईत माणूस एका दिवसात कापील अशा या अंतराला मित्रांसोबत तीन दिवस द्यावेत. समुद्र नसला म्हणून काय झालं, नद्या आहेत. ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ या आक्षेपात दम नाही. लग्नसराईत आपण याहून जास्त दिवस घालवतो, तेही जेवणाच्या रांगेत! उन्हाचा आणि ट्रकांचा आक्षेप मात्र खरा. मे महिन्यात खानदेशात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि महामार्गावर सायकलवाल्याला कुणी मोजत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारी निवडा, नीट उजाडल्यावरच निघा, जमेल तिथे गावरस्ता धरा आणि सगळ्यांत हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवा. वेग त्यानेच ठरवावा.