सागराची हाक

समुद्राच्या पोटात निःशब्द शांतता नांदते, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ती खरी नव्हे. वारा वाहू लागला की लाटा उसळतात, त्यांच्या माथ्यावर फेस फुटतो, असंख्य बुडबुडे पाण्यात शिरतात आणि त्यांचा नाद खोलवर पसरतो. हा नाद फार प्राचीन आहे. जलचरांचे कान त्याला सरावलेले आहेत.

दुसरा आवाज मात्र मनुष्याने निर्माण केलेला आहे. मोठ्या जहाजाचा पंखा वेगाने फिरतो, तेव्हा त्याच्या पात्यांभोवती बुडबुडे उठतात व फुटतात. यंत्रांची घरघरही त्यात मिसळते. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर. त्यातून जहाजांचा आवाज खर्जातला. तो फारसा न विरता दूरवर पोहोचतो. अनेक जातींचे देवमासे याच खर्जात एकमेकांना साद घालतात. जत्रेच्या गलबल्यात चुकलेल्या मुलाला आईची हाक ऐकू येऊ नये, तशी त्यांची अवस्था होते.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर दहशतवादी हल्ले झाले आणि त्यानंतर काही दिवस कॅनडाच्या फंडी उपसागरातील जहाजांची ये-जा मंदावली. तेथील पाण्यातील आवाज ६ डेसिबलने उतरला. त्याच सुमारास देवमाशांच्या विष्ठेची तपासणी करता शरीरावरील ताण दर्शविणारी द्रव्येही घटलेली आढळली. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. दुःखाच्या त्या दिवसांनी मनुष्याला एक मोलाचा धडा दिला.

म्हणून जहाजे बंद करावीत काय? तसे म्हणणे शहाणपणाचे होणार नाही. धान्य, इंधन, यंत्रे असा जगाचा बहुतेक माल समुद्रमार्गेच जातो. परंतु पंख्यांची रचना सुधारता येते. वेग कमी केला तर बहुतेक जहाजांचा आवाजही घटतो. २०१७ साली कॅनडातील व्हँकूवर बंदराच्या विनंतीवरून हारो सामुद्रधुनीत अनेक जहाजांनी स्वेच्छेने वेग कमी केला, आणि पाण्यातील आवाज उतरला.

सांडलेले तेल वर्षानुवर्षे किनाऱ्याला चिकटून राहते. आवाजाचे तसे नाही. तो थांबविला की त्याच क्षणी थांबतो. इतका सोपा उपाय हाती असता तो न करणे, हा केवळ आळस होय. दुसऱ्याच्या घरातून जावयाचे झाल्यास सज्जन मनुष्य पावले न वाजविता जातो. सागर हे जलचरांचे घर आहे. तेथेही हीच रीत पाळली पाहिजे.