नंबर वन कोण, बॉस?

प्रत्येक ऑफिसात एक 'मी बोललो होतो' असतो. मॅच संपल्यावरच त्याला कंठ फुटतो. सोमवारी सकाळी कॉफी मशिनपाशी उभं राहून हे महाशय सांगणार, की सत्तराव्या मिनिटाला काय होणार ते त्यांना शुक्रवारीच दिसलं होतं. अरे मग शुक्रवारी का नाही बोललास? अशा लोकांची तोंडं बंद करण्यासाठी आमच्या सानपाड्याच्या ग्रुपने एक साधी एक्सेल शीट काढली. मुंबई सिटीच्या प्रत्येक मॅचचा स्कोअर किकऑफच्या आधी लिहायचा. लिहिला नाही तर नंतर अक्कल पाजळायची नाही. महिनाअखेर जो तळाला, त्याने स्टेशनबाहेर सगळ्यांना वडापाव खाऊ घालायचा. (ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्याने बंदी आली. आमच्याकडचा वकील म्हणतो, वडापाव त्यात बसत नाही. बघू.)

आता मुंबई सिटीच का? सिम्पल आहे. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा ही टीम आमच्या दारात खेळायची. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. सानपाडा, जुईनगर, नेरूळ, बास. निकोला अनेल्का आणि फ्रेडी ल्युंगबर्ग ही नावं टीव्हीवर बघत मोठे झालेले आम्ही, ते दोघे हार्बर लाइनवर दोन स्टेशनं पलीकडे! २०१६ पासून टीम अंधेरीला गेली आणि मॅच बघणं म्हणजे हाफ डे टाकणं झालं. पण एकदा जडलेलं प्रेम असं स्टेशन बदललं म्हणून सुटत नाही.

तर शीटवर वडापाव लागतात स्कोअरवर, पण भांडणं होतात दुसऱ्याच गोष्टीवर. चॅम्पियन नक्की कोणाला म्हणायचं?

ज्यांनी आयएसएल फार फॉलो केली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. हंगामभर सगळे संघ एकमेकांशी खेळतात, टेबलात जो वर राहील त्याला 'शील्ड'. त्यानंतर वरच्या संघांची बाद फेरी, ती जिंकणाऱ्याला 'कप'. आशियातल्या मोठ्या स्पर्धेचं तिकीट शील्डवाल्याला आणि फटाके, कॉन्फेटी, 'चॅम्पियन' असं लिहिलेला बोर्ड कपवाल्याला. म्हणजे वर्षभर अभ्यास करून पहिला आलेला एक, आणि गॅदरिंगमध्ये हार पडलेला दुसराच.

२०२०-२१ ला वाद नव्हता. मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण, तरी शील्ड आपल्याला, आणि मार्चमधल्या फायनलला बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला गोल मारून कपही आपल्याच घरात. जाम खूश होतो आपण. खरी गोची २०२२-२३ ला झाली. सलग १८ सामने एकही हार नाही, शील्ड आरामात खिशात, आणि सेमीफायनलला बेंगळुरूने पेनल्टीजवर ९-८ असं घरी पाठवलं. पुढच्या वर्षी नेमकं उलटं. १५ एप्रिल २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानने २-१ ने हरवून शील्ड हिसकावली, आणि ४ मेला त्याच मैदानावर त्याच टीमला ३-१ ने हरवून आपण कप उचलला. एकोणीस दिवस! तेच दोन संघ, तेच गवत. आता सांगा, त्या वर्षी भारतातली नंबर वन टीम कोणती?

आमच्यात यावर सरळ दोन पार्ट्या आहेत. शील्डवाले बहुतेक सीए, अकाउंट्स, ऑडिटमधले. कपवाले सेल्समधले. सेल्सवाल्यांचं म्हणणं, क्वार्टर संपताना आकडा दाखवला ना, मग आधीचे महिने कोण विचारतो? मी शील्डवाला आहे आणि सेल्समध्ये आहे, त्यामुळे मला दोन्हीकडून शिव्या बसतात.

हा वाद फक्त आपलाच असेल असं वाटत असेल तर अमेरिकेत एक फोन लावून बघा. माझी मावसबहीण ओहायोतल्या कोलंबसला राहते. ताईला पुण्यात असताना क्रिकेटचंसुद्धा काही पडलेलं नसायचं. आता शनिवारी तिच्या घरात सगळे लाल टी-शर्ट घालून बसतात, कारण कॉलेज फुटबॉल. हे फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचं, ते असो. गंमत अशी, की तिथे शंभरावर टीम आणि प्रत्येकीला हंगामात जेमतेम डझनभर सामने. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. मग नंबर कसे लावायचे? चक्क मतदानाने! १९३६ पासून तिथले क्रीडापत्रकार दर आठवड्याला मतं देऊन क्रमवारीची यादी काढतात. शेवटच्या बाद फेरीत कोणाला घ्यायचं हे एक समिती खोलीत बसून ठरवते. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट नावाची टीम तेराच्या तेरा सामने जिंकली आणि समितीने तिला चारात घेतलंच नाही, कारण तिचा मुख्य खेळाडू जखमी झाला होता. पुढे चाराच्या बारा टीम केल्या. लगेच ताईच्या ओहायो स्टेटची लॉटरी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते मिशिगनकडून घरच्या मैदानावर हरले, ताईकडे म्हणे दोन दिवस सुतक होतं, आणि जानेवारी २०२५ मध्ये तीच टीम राष्ट्रीय विजेती! ताई आता कपवाली आहे. तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

मतदानापेक्षा गणित बरं, असं आमचे अकाउंट्सवाले म्हणतात. मग फिफाच्या रँकिंगकडे बघू. आधीची पद्धत इतकी विचित्र होती, की मैत्रीपूर्ण सामना जिंकूनही तुमची सरासरी खाली येऊ शकायची. २०१८ च्या वर्ल्डकपआधी पोलंडने हे बरोब्बर ओळखलं, मैत्रीपूर्ण सामने जवळजवळ खेळलेच नाहीत आणि ड्रॉमध्ये पहिल्या गटात, बड्या देशांच्या रांगेत जाऊन बसले. वर्ल्डकपला गेले आणि आपल्या ग्रुपमध्ये तळाला राहून परत आले. म्हणजे आपल्याकडे नाही का, अप्रेझलचा फॉर्म सॉलिड भरणारे असतात, तसं.

ऑगस्ट २०१८ पासून नवी पद्धत आली, तीही बुद्धिबळातून उचललेली. अर्पाद एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाचं सूत्र. डोक्याला शॉट नको म्हणून एकच उदाहरण देतो. समजा आपण समोरच्या देशापेक्षा २०० गुणांनी पुढे आहोत आणि पात्रता फेरीचा सामना आहे. जिंकलो तर सुमारे ८ गुण मिळणार. हरलो तर सुमारे १७ जाणार. बरोबरी झाली तरी साडेचार-पाच गुण खिशातून गेले. म्हणजे दुबळ्याला हरवण्यात कमाई चिल्लर, त्याच्याकडून हरलात तर पगार कापला.

हे कळलं की आपल्या राष्ट्रीय संघाचा ग्राफ समजतो आणि थोडं पोटात दुखतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये भारत ९४ वा होता. त्याच्यापुढे आपण कधी गेलो नाही. २०१५ मध्ये १७३ पर्यंत घसरलो, २०१७ मध्ये ९६. २०२३ मध्ये पुन्हा शंभराच्या आत, ९९. मग जानेवारी २०२४ च्या आशियाई कपात तिन्ही सामने हरलो, तेही एकही गोल न करता, आणि फेब्रुवारीत ११७. १८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशने १-० ने हरवलं. बावीस वर्षांनी! रँकिंग १४२. आमच्या शीटवर त्या दिवशी सगळ्यांनी भारताचा विजय लिहिला होता. कोणी 'मी बोललो होतो' म्हणालं नाही, आणि खरं सांगतो, त्या सकाळी कोणीतरी म्हणायला हवं होतं.

भाकितं चुकण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या देशातली सगळ्यात भारी गोष्ट मुंबईत फुटबॉल शिकवलेल्या माणसाची आहे. खालिद जमील. महिंद्रा युनायटेडकडून खेळले, मग मुंबई एफसीचे कोच. २०१६-१७ ला ते मिझोरामच्या ऐझॉलला गेले. आदल्या वर्षी ऐझॉल आय-लीगमधून खाली ढकलली गेली होती. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून तिला परत जागा मिळाली. त्या टीमचं नाव पहिल्या नंबरावर लिहिणाऱ्याला आपण वेड्यात काढलं असतं. एप्रिल २०१७ मध्ये ऐझॉल चॅम्पियन! ऑगस्ट २०२५ मध्ये हेच जमील भारताचे कोच झाले. ढाक्यातला संघ त्यांचाच होता, हेही तितकंच खरं.

हे सगळं ऐकून आमच्यातला एक जण शांतपणे चहा पीत असतो. कोल्हापूरचा आहे, सानपाड्यात तिघांत मिळून फ्लॅट घेतलाय. तो शीट भरत नाही. मागे फारच आग्रह केला तर म्हणाला, "आमच्यात रँकिंग-बिंकिंग काय नसतंय ओ. पेठ असतीय."

त्याच्याकडून जे कळलं ते ऐकून आमची शील्ड-कपची भांडणं फार पुस्तकी वाटायला लागली. कोल्हापुरात क्लब म्हणजे तालीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. जिथे आजोबा कुस्ती मारायचे त्या तालमीच्या नावाने नातू शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतो. केएसएची लीग, मग एकामागून एक चषक, पाऊस येईपर्यंत. टीम निवडायची नसते, जन्मतः मिळते. आर्सेनल सोडून लिव्हरपूल धरलं तर मुंबईत कोणी विचारत नाही. तिथे दुसऱ्या पेठेचा जयजयकार केलात तर रात्री घरी जायचंय ना तुम्हाला? याची दुसरी बाजूही त्यानेच सांगितली. दगडफेक, हाणामाऱ्या, मग स्पर्धाच थांबायची वेळ. भांडण अती झालं की मॅचच बंद, आणि मग सगळी पेठ संध्याकाळी नुसती कट्ट्यावर बसून राहते.

तरी त्या गावाने २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताच्या टीममध्ये एक पोरगा दिला, अनिकेत जाधव. भारताचे सामने दिल्लीला होते. आम्हाला नेरूळला माली, तुर्कस्तान, पॅराग्वे मिळाले. आम्ही तेही आनंदाने बघितले.

आपल्याकडे स्टेडियमचा प्रश्नच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई कपची फायनल इथेच झाली, ०-२ ने मागे पडलेल्या चीनने कोरियाला ३-२ ने हरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपची फायनलही. आणि ६ नोव्हेंबर २०२३, सोमवार! मुंबई सिटी विरुद्ध सौदीची अल हिलाल. नेमार येणार म्हणून ऑगस्टपासून नाचत होतो, ऑक्टोबरमध्ये उरुग्वेविरुद्ध त्याचा गुडघा गेला. तरी लोक गेले. ऑफिसचे आयकार्ड गळ्यात, वर निळी जर्सी. ०-२ हरलो. ही मॅच नेरूळला आली ती आदल्या वर्षीच्या शील्डमुळे, हे कपवाल्यांना मी त्या रात्री जुईनगरपर्यंत ऐकवलं.

आणि मग २०२५ आलं. लीग चालवण्याच्या करारावरून फेडरेशन आणि कंपनीचं जमेना, जुलैत हंगाम स्थगित. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली. शीटवर तारखांचा कॉलम रिकामा. डिसेंबरमध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबईतून काढता पाय घेतला, २०१९ पासून मोठा हिस्सा त्यांचाच होता. ज्या पोरांचं पोट या खेळावर आहे, त्यांचे ते महिने कसे गेले असतील ते विचारूच नका. आम्ही काय, वडापावचे धनी. कोल्हापूरकर तेवढ्यात घरी जाऊन दोन मॅच बघून आला.

जानेवारी २०२६ मध्ये घोषणा झाली. १४ फेब्रुवारीपासून, १४ संघ, ९१ सामने. आमच्या अकाउंट्सवाल्याने लगेच कॅल्क्युलेटर काढला. चौदा संघ एकमेकांशी एकेकदा खेळले की बरोब्बर ९१ होतात. म्हणजे बाद फेरीला जागाच उरत नाही. टेबलात वर तो चॅम्पियन. इतकी वर्षं ज्यावर आम्ही घसे कोरडे केले तो वाद शील्डवाल्यांच्या बाजूने सुटला, आणि तोही कोणाला पटलं म्हणून नाही, वेळ आणि पैसा उरला नाही म्हणून. मला या विजयाची पार्टी द्यावीशी वाटेना. सेल्सवाल्यांनी तेवढ्यात शीटवर नवा कॉलम टाकलाय, 'कप असता तर कोण?'. त्यात पहिलं नाव कोल्हापूरकराने भरलं. पाटाकडील.