रूप जुने, निगा कोणाची?

पावसाळ्यात सिद्धगडच्या पायथ्याशी, नारिवलीच्या वाटेवर, जुन्या घाटणीच्या मोटारसायकली दिसतात. पूर्वीच्या बुलेटच्या बिडाच्या इंजिनात पुशरॉड बोटांनी फिरवून टॅपेट जुळवावे लागत, इग्निशनचे पॉइंट घासून साफ ठेवावे लागत. त्या खटपटीतूनच मालकाला यंत्र कळे. २००९ च्या क्लासिकने रूप जुने राखले. हायड्रॉलिक टॅपेट व इलेक्ट्रॉनिक इग्निशनमुळे ती खटपट मात्र संपली. सोय झाली, हे मान्यच. पण चिखलाने माखलेली साखळी धुणे, तिला तेल देणे, तिचा ताण पाहणे आजही स्वाराच्याच हाती आहे. आडवाटेवर साखळी तुटली, तर ठाण्याचे सर्व्हिस सेंटर धावून येत नाही. एवढी निगाही जो स्वतः राखत नाही, त्याचे जुन्यावरचे प्रेम टाकीच्या रंगापुरतेच म्हणावे लागेल.