पाहिले कोणी?

माझे आजोबा दर चतुर्थीला वडगाव निंबाळकरहून मोरगावला जातात. मयूरेश्वराचे दर्शन घेतल्याखेरीज त्यांचा महिना सरत नाही. एकदा ओट्यावर गप्पा चालल्या असता मी म्हणालो, की माणूस आणि माकड यांचे पूर्वज एकच. आजोबा हसले. "अरे, माकडाचा माणूस होताना पाहिलं कुणी?"

हा प्रश्न एकट्या आजोबांचा नाही. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) हेच बोलले होते. डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, अभ्यासक्रमात बदल हवा, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडून काढले.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आजच्या माकडाचा माणूस झाला असे विज्ञान म्हणतच नाही. माझा आणि माझ्या चुलतभावाचा आजोबा एक आहे, म्हणून मी चुलतभावाच्या पोटी जन्मलो असे कोणी म्हणेल काय?

आता पाहण्याविषयी. ज्या मोरगावात आजोबा हात जोडतात, त्याच गावी कऱ्हेच्या खोऱ्यात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 2000 ते 2007 या काळात उत्खनन केले. तेथे अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. ती घडवणारा हात कोणी पाहिला? कोणीच नाही. तरी दगडावरचे घाव सांगतात, की हे काम पाण्याचे नव्हे, माणसाचे. पुरावा म्हणजे हाच. आणि उत्क्रांती डोळ्यांनीच पाहायची, तर आपल्या शिवारात पाहावी. एकच औषध वर्षानुवर्षे फवारले की कीड त्याला दाद देईनाशी होते. ज्या थोड्या किडी तगतात, त्यांचीच प्रजा वाढते. निसर्गाची निवड म्हणतात ती हीच.

काही जण म्हणतात, मत्स्य, कूर्म, वराह या क्रमाने आमच्या दशावतारांत हे सारे पूर्वीच सांगितले आहे. मला हे श्रद्धेलाही न्याय देणारे वाटत नाही. विज्ञानाचे मत नव्या पुराव्याने बदलते. ते उद्या बदलले, तर आपण अवतारांचा क्रमही बदलणार काय? श्रद्धा माणसाला धीर देते. तिला प्रयोगशाळेचा दाखला कशाला हवा?

प्रश्न केवळ वादाचा नाही. एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून 2023 मध्ये उत्क्रांतीचा भाग गेला. 1800 हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी पत्र लिहून त्याला विरोध केला. मी दहावीला शिकलो त्या राज्य मंडळाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच पाठ होता. आपण कला शाखेचे विद्यार्थी. दहावीनंतर जीवशास्त्राशी आपली गाठ पडत नाही. तो पाठ नसता, तर आजोबांच्या प्रश्नावर मीही मान डोलावली असती.

आजोबांची श्रद्धा मोडावी असे मला मुळीच वाटत नाही. पण 'कशावरून?' असे विचारले गेले, की उत्तर पुराव्याने द्यावे, एवढाच माझा आग्रह आहे. हत्यारांची हकीकत ऐकून आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पुढच्या चतुर्थीला तूही चल. दर्शन झालं की ती जागा बघू."

मी जाणार आहे.