फळ्यांचा दर्प आणि सुगंधाची मर्यादा

नव्या कपाटाचे दार उघडताच नाकाला झोंबणारा दर्प केवळ लाकडाचा नसतो. लाकडाचा भुसा, तंतू किंवा पातळ पापुद्रे पुष्कळदा यूरिया-फॉर्मल्डिहाइड राळेने सांधून, उष्णता व दाब देऊन फळ्या बनविल्या जातात. राळेतील थोडे फॉर्मल्डिहाइड मोकळेच राहते. शिवाय उष्ण व दमट हवेत राळेचे बंध हळूहळू तुटून त्यात भर पडते. लाकडातील स्निग्धाम्लांपासून होणारी हेक्झानालसारखी द्रव्येही या दर्पाला हातभार लावतात.

यावर वनस्पतींच्या सुगंधी तेलांचा उपाय सुचविण्यात येतो. गवती चहा, लवंग किंवा संत्र्याची साल यांचे तेल उघडे लावल्यास लवकर उडून जाते. म्हणून त्याचे सूक्ष्म थेंब जिलेटिन व डिंक यांसारख्या पदार्थांच्या कवचात कोंडतात. कार्बनविरहित नकलेचा कागद अमेरिकेत १९५०च्या दशकात निघाला, तो रंगद्रव्य अशाच कुप्यांत कोंडून. कवचातून तेल सावकाश झिरपते व त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो.

युक्ती स्तुत्य आहे. परंतु तिचा उपयोग विवेकानेच व्हावयास हवा. पावसाळ्यात बुरशीमुळे फळीला कुबट वास येतो. तेथे गवती चहाचे तेल बुरशीला आवर घालू शकते. म्हणजे ते कारणावरच घाव घालते. फॉर्मल्डिहाइडची गोष्ट निराळी. सुगंधाने ते नाहीसे होत नाही, केवळ जाणवेनासे होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ते मानवास कर्करोगकारक ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली घरातील हवेसाठी घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम (अर्ध्या तासाची सरासरी) ही मर्यादा सुचविली. अशा वायूचा दर्प हा निसर्गाने दिलेला इशारा होय. तो दडपणे म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपविणे. शिवाय संत्र्याच्या तेलातील लिमोनिनचा हवेतील ओझोनशी संयोग झाल्यास स्वतः फॉर्मल्डिहाइडच निर्माण होते!

स्वस्त फळ्यांमुळे सामान्य माणसाचे घर सजते, हे खरे. म्हणूनच त्या निर्धोक असाव्यात. प्रथम राळेतील फॉर्मल्डिहाइडचे प्रमाण घटवावे, उरलेले टॅनिन किंवा अधिक यूरिया घालून बांधून टाकावे, फळीतून किती वायू सुटतो हे मोजून ग्राहकाला सांगावे; आणि मगच सुगंधाची जोड द्यावी. स्वच्छ हवेला सुगंध शोभून दिसतो. तो तिची जागा घेऊ शकत नाही.